धारेला पायऱ्या नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या तालुका पानावर गेल्या आठवड्यात आमच्या गावच्या धबधब्याची बातमी आली. फोटो छान होता, पण तो आमच्या धबधब्याचा नव्हता. एवढं पाणी तिथं मी बेचाळीस वर्षांत पाहिलं नाही, आणि फोटोत मागे दिसतो तसला उंच कडा आमच्या तालुक्यातच नाही. असो. बातमी अशी की धबधब्याचं सुशोभीकरण होणार. शाळेपासून डोहापर्यंत सिमेंटची वाट, उतारावर पायऱ्या, दोन्ही अंगांना स्टीलचे कठडे, खाली छोटा बंधारा घालून बारमाही पाणी आणि वरच्या दगडावर सेल्फी पॉइंट. 'वृद्ध व महिलांची सोय व्हावी म्हणून' असंही त्यात लिहिलं आहे. मी सहासष्ट वर्षांची आहे आणि बाईमाणूस आहे. माझीच सोय होणार होती तर मला एका शब्दानं विचारायला हरकत नव्हती. कोणी विचारलं नाही, म्हणून हे पत्र.

गावाचं नाव बातमीत आहेच, मी पुन्हा लिहीत नाही. पोळ्याच्या पाडव्याला यंदा शाळेच्या पटांगणात मोटारसायकली लावायला जागा उरली नव्हती, तेवढं पुरे.

नागभीड आणि सिंदेवाहीच्या मधल्या जंगलपट्ट्यात मी चौतीस वर्षं आरोग्यसेविका होते. १९८३ साली लागले, २०१७ साली रिटायर झाले. अजूनही लोक 'नर्सबाई' म्हणूनच ओळखतात. धबधबा हा शब्द तुमच्या बातमीतला. आम्ही धार म्हणतो. उंची जेमतेम वीस फूट असेल. एका माणसाच्या खांद्यावर दुसरा, त्याच्या खांद्यावर तिसरा उभा राहिला आणि त्यानं हात वर केला की वरच्या दगडाला लागावा, इतकीच. सहस्रकुंडाला पैनगंगा कोसळते तसं इथं काही कोसळत नाही. चिखलदऱ्याच्या भीमकुंडासारखी कीचकाची गोष्टही आमच्या धारेला नाही. नाला जंगलातून येतो, एका काळ्या दगडावरून खाली उतरतो, खालच्या डोहात थोडा थांबतो आणि पुढं धानाच्या बांध्यांकडं, म्हणजे शेतांकडं जातो. मृग कोरडा गेला तर जुलैपर्यंत दगड तसाच उघडा. रोवणी आटोपते तेव्हा धार भरात असते. दिवाळीनंतर ती दोरीएवढी होते, शिवरात्रीला दगडावर नुसती ओल राहते आणि त्या ओलीवर मधमाश्या पाणी प्यायला बसतात. उन्हाळ्यात कोणी बाहेरचा आला तर त्याला सांगूनही पटणार नाही की इथं पाणी पडतं.

शाळेपासून धारेपर्यंत माझी अकराशे चाळीस पावलं होतात. म्हणजे पाऊण किलोमीटर धरा. पावलं मोजायची सवय नोकरीतली. प्रवासभत्त्याच्या बिलात अंतर लिहावं लागायचं, आणि जंगलातल्या वाटेला किलोमीटरचा दगड कोण लावतो? पहिली चारशे पावलं पांदनीनं, म्हणजे शेतवाटेनं, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. मग डावीकडं बोडी, म्हणजे छोटं तळं लागतं, त्या बोडीच्या पाळीवरून जायचं. पाळ संपली की मोहाचं मोठं झाड, आणि तिथून जंगल. आत गेल्या गेल्या हवा बदलते, अंगावरचा घाम गार लागतो. ऐन, धावडा, तेंदू, मध्येच बांबूची बेटं. श्रावणात बांबूच्या बुडाशी वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, फुटलेले असतात, आणि सकाळी लवकर गेलेल्या बायांच्या ओच्यात सात्या, म्हणजे रानातल्या अळिंब्या, असतात. कुठं सापडल्या ते मात्र सख्ख्या जावेलाही सांगत नाहीत. शेवटची दोनशे पावलं उतार. उतारावर तीन वळणं, आणि तिसऱ्या वळणावर धार दिसायच्या आधी ऐकू येते.

मी या वाटेनं पहिल्यांदा गेले ती धार पाहायला नाही. धारेच्या पलीकडं तेव्हा अकरा घरांचा टोला होता आणि तो माझ्या उपकेंद्राखाली येत होता. बाळंतिणी, हिवतापाच्या रक्ताच्या काचपट्ट्या, लसी, सगळं याच वाटेनं. १९९५ साली पल्स पोलिओ सुरू झालं, तेव्हापासून तर दर वर्षी ठरलेलं. पहिल्या दिवशी शाळेत बूथ, नंतर घरोघर. खांद्याला लसीचा डबा, त्यात चार आइसपॅक. झाकण विनाकारण उघडायचं नाही, डबा उन्हात ठेवायचा नाही. उन्हाळ्यातली फेरी असली की जीव त्या डब्यात अडकलेला असायचा. पोलिओच्या कुपीच्या लेबलवर एक गोल असतो आणि गोलाच्या आत फिकट चौकोन. उष्णता लागत गेली की चौकोन काळवंडत जातो. गोलाच्या रंगाला पोचला की ती कुपी कामातून गेली. टोल्यावर पोचून पाणीही न पिता मी आधी तो चौकोन पाहायची. त्या टोल्यावर नेलेली एकही कुपी मला फेकावी लागली नाही. मोहाच्या झाडापासून टोल्यापर्यंत ऊन अंगावर येतच नसे, हे त्याचं कारण. मग दारावर खडूनं 'पी' लिहायचं, पोरगं घरी नसलं तर 'एक्स', आणि त्या एक्ससाठी दोन दिवसांनी परत तीच वाट. भारत पोलिओमुक्त झाल्याचं २०१४ साली जाहीर झालं तेव्हा जिल्ह्याच्या गावी कार्यक्रम झाला, आम्हाला गुलाबाचं एक-एक फूल मिळालं. वाटेला काही मिळालं नाही. आता मिळतंय तर सिमेंट मिळतंय.

आता टोल्याला दुसऱ्या बाजूनं डांबरी रस्ता आहे, लोकही पांगले, तीन घरं उरली आहेत. पण वाट मोडली नाही, कारण ढोरं त्याच वाटेनं जातात.

ही वाट सोपी आहे. माझं म्हणणं तेवढंच आहे, आणि ती सोपी का आहे हे बांधकामवाल्यांना कोणीतरी सांगायला पाहिजे. आमच्या गावचे एक ढोरकी आबाजी आहेत, ऐंशीच्या आसपासचे. त्यांनी मला एकदा दाखवलं होतं. ढोर पोट भरून, जड होऊन उतरतं तेव्हा ते कधी सरळ खाली जात नाही. उताराला आडवं जातं, थोडं खाली, मग वळतं, पुन्हा आडवं. गाभण गाय तर आणखी लांबून फिरून येते. शंभर वर्षं हजारो खुरांनी तो उतार असा आडवा कापला आहे. डोक्यावर मोळी घेतलेली बाई, कडेवर लेकरू घेतलेली बाई, दोघीही त्याच चढानं न थांबता वर येतात. वळणावर खुरांनीच मोकळी केलेली सपाट जागा आहे, तिथं दम घ्यायचा. कुठल्याही पावलाला गुडघा वीतभर उचलावा लागत नाही. इंजिनियर साहेब आले तर ते कागदावर शाळेपासून डोहापर्यंत सरळ रेघ मारतील, आणि सरळ रेघ म्हणजे पायऱ्या. बातमीत एकशे दहा पायऱ्या लिहिल्या आहेत.

ज्याचे गुडघे गेलेत त्याला विचारा, चढ बरा की जिना. माझ्या डॉक्टरांनी मला सपाट जागी रोज चालायला सांगितलं आहे आणि जिने टाळायला सांगितले आहेत. चढताना त्रास होतो तो होतोच, पण उतरताना सगळं अंग एका वाकलेल्या गुडघ्यावर येतं. देवदर्शनाला गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना पाहा, जिना उतरताना ती आडवी होऊन, एकच पाय पुढं टाकत उतरतात. का? तर ढोरासारखी उताराला आडवी होऊ पाहतात, पण पायरी होऊ देत नाही. त्यात पावसाळ्यातली पायरी. आमच्या घरचे तीन वर्षांपूर्वी अशाच एका ठिकाणी पडले. ठिकाणाचं नाव घेत नाही. तिथंही ओढ्याकाठी सुशोभीकरणाच्या पायऱ्या होत्या. सिमेंटवर हिरवं शेवाळ बसलेलं, दिसायला ओलं गवत. पाय सरकला, कठडा धरायला गेले तर कठड्याचा पाइपच हातात आला, बुडाशी गंजला होता. मनगट मोडलं. मातीच्या वाटेवरही माणूस पडतो, मीही पडले आहे, दोनदा. पण मातीवर बसकण मारली जाते आणि साडी खराब होते. सिमेंटच्या कडेवर हाड मोडतं. एवढी वर्षं पट्ट्या बांधण्यात गेलेल्या बाईचं हे म्हणणं आहे, वाटलं तर माना.

यंदाची गोष्ट सांगते. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या विहीणबाई नागपूरहून आल्या होत्या. वय बहात्तर, दोन्ही गुडघे बदललेले. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "तुमच्या धारेचं इतकं ऐकलंय, पण आता या जन्मी काही होत नाही बाई." मी म्हटलं, चला तर खरं, मोहापर्यंत जाऊ, नाही जमलं तर परत फिरू. सोबत नातू, दुसरीतला. त्यानं पांदनीतच एक बांबूची काठी शोधली आणि ती आजीला दिली. पस्तीस मिनिटं लागली. मोहाशी एकदा बसलो, आणि दुसऱ्या वळणावर एकदा. खाली पोचल्यावर विहीणबाईंनी काही न बोलता चपला काढल्या आणि सपाट दगडावर बसून पाय पाण्यात सोडले. नागपूरच्या फ्लॅटमधल्या बाईचे पाय किती पांढरे असतात ते मी तेव्हा पाहिलं. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "आमच्या माहेरी असा नाला होता." बस, तेवढंच. मग आम्ही पातोड्यांची शिदोरी सोडली. एका फांदीवरून धीवर पक्षी डोहात दोनदा पडला, तिसऱ्यांदा मासा घेऊन गेला. नातवानं त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

आमच्या डोक्यावर ऊन होतं. वरच्या अंगाला, नाला जिकडून येतो तिकडं, आभाळ काळं होतं, पण ते लांब वाटलं. आधी आवाज बदलला. धारेचा आवाज एरवी भाकरी थापल्यासारखा असतो, तो भरल्यासारखा झाला. मला वाटलं माझेच कान. मग डोहात वाळकी पानं आणि काड्या यायला लागल्या, त्यांच्यामागून फेस. पलीकडच्या काठावरून आबाजींचा आवाज आला, "बाई, लेकराला काढा जी बाहेर. पानी येऊन राहिलं." मी म्हटलं, आबाजी, इथं तर पाऊस नाही. ते म्हणाले, "इतं नाई, तितं आहे ना. उठा, उठा." त्यांनी पुढं काही समजावलं नाही, ढोरं हाकायला लागले. आम्ही उठलो. विहीणबाईंना हाताला धरून पहिल्या वळणापर्यंत, म्हणजे खालून मोजलं तर पहिलं, नेलं. तीसेक पावलं असतील, सगळी आडवी. तिथून मागं पाहिलं तेव्हा पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं. नातवाची एक चप्पल दगडावर राहिली होती. ती उचलायला तो निघाला, मी त्याच्या शर्टाची कॉलर धरली. आम्ही पाहत असतानाच चप्पल हलली, फिरली आणि गेली. मग आम्ही बसलो होतो तो दगड पाण्याखाली गेला. मी सवयीनं घड्याळ पाहिलं. आबाजींनी हाक मारल्यापासून अकरा मिनिटं झाली होती. आमच्या अंगावर अजून एक थेंब नव्हता.

आता या जागी कठड्याच्या पायऱ्या असत्या तर काय झालं असतं, हा विचार मी तेव्हापासून करते आहे. बातमीतल्या नकाशाप्रमाणे पायऱ्या नाल्याच्या कडेनंच, सरळ वरून खाली येणार. दोन्ही बाजूंना कठडा म्हणजे बाजूला निघायची वाट बंद. पुढं म्हातारी, मागं लेकरांचं लटांबर, वरून उतरणारे पोट्टे मोबाइल धरून मधोमध उभे. पाणी आलं की सगळ्यांना त्याच एका बोळातून वर यायचं. ढोरांच्या वाटेवर तसं होत नाही. तीस पावलांत तुम्ही पाण्यापासून लांबही जाता आणि वरही येता. लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात २०२४ च्या जूनच्या शेवटच्या दिवशी एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. माणसं मधल्या दगडावर एकमेकांना धरून उभी होती आणि काठ समोर दिसत होता. आपल्याकडंही २०२१ च्या सप्टेंबरात वरुड तालुक्यात झुंजला वर्धा नदीत नाव उलटून अकरा जण गेले. तिथलं कारण वेगळं, पण बाहेरून आलेल्या माणसाला पाण्याचा स्वभाव माहीत नसतो हे तिथंही आलंच.

म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर एक पाटी लावा. 'प्रवेश निषिद्ध' नव्हे. ती पाटी पाहून आजवर कोणी परत गेलेलं मी पाहिलेलं नाही, उलट तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. पाटीवर लिहा: आवाज भरला, पाण्यात पाचोळा आणि फेस आला, रंग बदलला, तर सामान सोडून द्या आणि उताराला आडवे चढा. डोक्यावर ऊन असलं तरी. एवढंच, मोठ्या अक्षरात. आणि जुलै ते सप्टेंबर रविवारी गावची दोन पोरं तिथं बसवा, ग्रामपंचायतीनं त्यांना रोजी द्यावी, वाटलं तर गाड्यांकडून दहा-दहा रुपये घ्या. आबाजी काही दर रविवारी पलीकडं असणार नाहीत.

बंधाऱ्याचं तर मला समजलंच नाही. पाणी अडवून डोह बारमाही करणार म्हणतात. त्या नाल्याच्या काठानं मी हिवतापाच्या किती काचपट्ट्या गोळा केल्या याचा हिशेब उपकेंद्राच्या जुन्या रजिस्टरात सापडेल. संथ पाणी, काठाला गवत, ही हिवतापाच्या डासाची आवडती जागा. नाला पावसाळ्यात धुऊन जातो आणि उन्हाळ्यात आटतो म्हणून थोडं बरं आहे. तो बारमाही केला तर डासही बारमाही. पुढं मग गप्पी मासे सोडायला आरोग्य खात्यालाच सांगतील, मला माहीत आहे.

आणि सेल्फी पॉइंट ज्या दगडावर करायचा आहे त्याच्या पोटाखाली दर वर्षी आग्या मोहोळ असतं. थंडीत या, चार-पाच पोळी लटकलेली दिसतील. खाली कोणी स्वयंपाकाला चूल पेटवली आणि धूर वर गेला की काय होतं ते २००९ च्या जानेवारीत मी पाहिलं आहे. एक सहल आली होती. सोळा जण सुजलेल्या तोंडांनी आमच्या उपकेंद्रात आले, एकाला ॲम्ब्युलन्सनं नागभीडला पाठवावं लागलं. सलाइनची बाटली धरायला माणूस कमी पडला म्हणून ती मी भिंतीच्या खिळ्याला टांगली होती. तो खिळा अजून आहे.

वाघाचं मी मुद्दाम मागं ठेवलं होतं, कारण त्याचं नाव काढलं की बाकीचं कोणी वाचत नाही. आमचा भाग ब्रह्मपुरी वनविभागाचा, इथं वाघ हा बातमीचा विषय नाही, शेजार आहे. यंदा, २०२५ च्या मे महिन्यात, सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्यानंतर महिनाभर आमच्या गावातल्या बाया सरपणालाही गेल्या नाहीत. आता जातात, पण नऊच्या आत नाही, चारच्या पुढं नाही, आणि पाच-सहा जणींनी मिळून, मोठ्यानं बोलत. धारेवर जायचे नियमही तेच. सेल्फी पॉइंट झाला की लोकांना संध्याकाळचा उजेड लागतो, फोटो तेव्हा चांगला येतो म्हणतात. साडेसहाला त्या दगडावर पाठ करून उभ्या असलेल्या माणसाची जबाबदारी कोण घेणार? काही झालं की दोष वाघाला, आणि दुसऱ्या दिवसापासून जंगल आमच्यासाठी बंद.

कचऱ्याबद्दल तक्रार करायला मला थोडी लाज वाटते, कारण तो सगळा बाहेरच्यांचा नाही. खर्ऱ्याच्या, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूच्या, प्लास्टिकच्या पन्न्या आमच्याच गावच्या पोरांच्या आहेत. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा पानठेल्यावर घोटून मिळतो आणि पन्नी धारेच्या दगडात जाऊन बसते. मी एकदा नातवासोबत वेचल्या, दोनशेच्या वर झाल्यावर मोजणं सोडलं. बाटल्यांचं म्हणाल तर जिल्ह्यात दारूबंदी होती तेव्हाही त्या होत्या. फरक एवढाच की २०१५ ते २०२१ त्या झुडपात लपवलेल्या सापडायच्या आणि आता उघड्यावर. फुटलेली काच डोहात असली की ती दिसत नाही. ढोरांच्या पायात जाते, लेकरांच्याही. पाटीवर आणखी एक ओळ लिहायला जागा असेल तर हेही लिहा. मात्र सगळ्यात आधी पानठेलेवाल्याला ग्रामपंचायतीनं बोलवावं, तो काही मुंबईचा नाही.

सोयच करायची तर शाळेजवळ बायांसाठी एक संडास-बाथरूम बांधा आणि त्याला पाणी द्या. धारेपाशी नको, शाळेजवळच. पाऊण किलोमीटर काही लांब नाही. आमच्या गावी पाहुणी म्हणून आलेल्या बायांची खरी अडचण तीच असते, आणि ती कोणी बातमीदाराला सांगत नाही. पांदनीत दोन ठिकाणी गुडघाभर चिखल होतो, तिथं मुरूम टाका. त्यानं रोवणीच्या दिवसांत पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, नेणाऱ्यांचीही सोय होईल. बाकी वाटेला हात लावू नका. ज्यांना हॉटेल, गाडीतळ, गर्दी हवी त्यांच्यासाठी घोडाझरीचा तलाव जवळच आहे, चिमूर तालुक्यात मुक्ताई आहे. सगळ्याच ठिकाणी सगळं कशाला?

एक शेवटची गोष्ट कायद्याची, कारण पत्रात नुसतं वाटणं लिहिलं की लोक 'म्हातारी बोलते' म्हणतात. ही धार वनजमिनीवर आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात वनजमिनीवर गावासाठी करायच्या तेरा सोयी दिल्या आहेत. त्यांत शाळा आहे, दवाखाना आहे, अंगणवाडी, रेशनचं दुकान, पिण्याचं पाणी, रस्ता आहे. सेल्फी पॉइंट मला त्यात सापडला नाही. त्या सोयींसाठीही प्रत्येकी एक हेक्टरच्या आतलीच जमीन, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि आधी ग्रामसभेची शिफारस लागते. आमच्याच जिल्ह्यात पाचगावला २०१२ साली हजार हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला आणि तिथली ग्रामसभा आपलं बांबूचं जंगल आपण सांभाळते. आमच्या गावची १५ ऑगस्टची ग्रामसभा झाली, मी तिथं होते, पहिल्याच रांगेत. विषय घरकुलाचा होता, नळाचा होता, शाळेच्या भिंतीचा होता. धारेचा नव्हता. मग शिफारस कोणी केली?

पुढची ग्रामसभा २ ऑक्टोबर २०२५ ला. यंदा त्याच दिवशी दसरा आहे. अर्धं गाव दीक्षाभूमीवर नागपूरला असेल, उरलेलं सोनं वाटायला निघेल. कोरमला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, जे कमी असेल ते लागतात, तेवढे जमणं अवघड दिसतं. म्हणून तारीख दोन दिवस पुढं न्यावी असा अर्ज मी ग्रामसेवकाकडं दिला आहे, पोच घेतली आहे. आपला बातमीदार त्या सभेला पाठवावा ही विनंती. त्यानं सकाळी नऊनंतर यावं, सभेच्या आधी मी त्याला धारेवर घेऊन जाईन, फोटोही खरा मिळेल. शाळेपाशी नर्सबाईचं घर कोणीही दाखवेल. विहीणबाईंची काठी इथंच राहिली आहे, लागली तर देईन.

आपली,
एक वाचक, निवृत्त आरोग्यसेविका
ता. नागभीड, जि. चंद्रपूर

(नाव-पत्ता आपल्या कार्यालयासाठी वेगळ्या कागदावर जोडला आहे, कृपया छापू नये.)